मुकं पत्र

चौकट सरांनी आयुष्यात एकदाही ऑडिट केलेलं नव्हतं, आणि हे ते छाती पुढे काढून सांगत. टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांचा क्लास भरायचा. खालून रबराचा वास आणि हवा भरायच्या यंत्राची धडधड वर येई, आणि त्यावर आवाज चढवून सर सांगत की उत्तरातले महत्त्वाचे शब्द चौकटीत लिहा, कारण पेपर तपासणारा दमलेला असतो आणि दमलेल्या माणसाला फक्त चौकटी दिसतात. स्वतंत्रता, चौकट. पुरेसा पुरावा, चौकट. व्यावसायिक संशय, दोनदा गिरवलेली चौकट. ऑडिटरने कशावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे वाक्य ते फळ्यावर लिहीत आणि अख्खा वर्ग डोळे झाकून ते उतरवून घेई. सगळ्यांच्या माना खाली, हातात पट्ट्या.

मी मागच्या बाकावर बसून त्या सगळ्यांची कीव करायचे. मला ऑडिट कशाशी खातात हे माहीत होतं. सासऱ्यांच्या फर्ममध्ये इतकी वर्षं मी तेच करत आले होते. गोदामांतल्या शिड्या चढले होते, रंगाचे डबे वाजवून भरलेले की रिकामे ते पाहिलं होतं, घाम फुटलेल्या कॅशियरसमोर न हसता बसले होते. आणि तरीही परवान्याच्या परीक्षेतले बाकीचे सगळे पेपर सुटले आणि नेमका ऑडिटचा अडकला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पट्टीचा पोहणारा बादलीत बुडावा, तशी माझी गत झाली होती.

कारण चौकट सरांनी सांगितलं. माझी जुनी उत्तरं त्यांनी चाळली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, तुम्ही खरं लिहिता," ते म्हणाले. "परीक्षेत खरं लिहायचं नसतं. बरोबर लिहायचं असतं."

क्लायंटने माल मोजू द्यायला नकार दिला तर काय कराल, असा प्रश्न होता. मोठे साहेब मालकाबरोबर चहा घेतात आणि दुसऱ्या दिवशी गोदामाचं दार उघडतं, असं मी लिहिलं होतं. आमच्याकडे तसंच होतं. या उत्तराला शून्य मिळालं आणि ते योग्यच होतं, असं सरांचं मत. मला त्या माणसाचा मनापासून राग आला, कारण त्याचं म्हणणं मला खोडून काढता येत नव्हतं.

मोठे साहेब म्हणजे माझे सासरे. खाली ऑफिस आणि वर घर, अशी आमची इमारत. खाली त्यांना सगळे साहेब म्हणत, वर आम्ही बाबा म्हणायचो, पण जिना चढून आल्यावर त्यांच्यात फरक काही पडत नसे. फर्मच्या पाटीवर दोन नावं होती, त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं. माझा हा शेवटचा पेपर उरला, तेव्हा जेवताना बाबा म्हणाले होते, एवढा काढ, मग पाटीवर तिसरं नाव तुझं. सगळ्यांनी ऐकलं. नवऱ्याने मान हलवली. माझा नवरा मान हलवतो ती होकाराची असते की पंख्याच्या वाऱ्याने हलते, हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण त्या दिवशी मी ती होकाराची धरली.

मला ती पाटी हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? इतकी वर्षं कामं मी करायची आणि खाली सही नवऱ्याने ठोकायची, तीही पान न उलटता, याचा मला वीट आला होता. सही करताना तो विचारायचा, "सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हणायचे. झालं त्याचं ऑडिट.

घरात परवाना मिळालेला आणखी एक महापुरुष होता. माझा धाकटा दीर. हा पठ्ठ्या पहिल्या फटक्यात पास झाला होता. उमेदवारीच्या काळात नमुन्याला बिलं निवडायला सांगितली की पंख्याच्या जवळ जी फाइल असेल तीच हा निवडायचा. अशा निवडीला शास्त्रीय नाव काय, तेवढं मात्र त्याला पाठ होतं. पास झाल्यावर एका मोठ्या कंपनीत जाऊन तो रंगीत तक्ते काढू लागला आणि आमच्या कामाला धुळीची कामं म्हणू लागला. त्यामुळे पाटीच्या वाटेत तो येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या तर नाहीच.

आता आमच्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरतं. क्लायंट म्हणतो, अमक्याकडून माझं इतकं येणं आहे. ते खरं का, हे बघायला ऑडिटर त्या अमक्याला पत्र पाठवतो. पत्रं दोन जातींची. एकात लिहायचं, हा आकडा बरोबर असो की चूक, उत्तर द्या. दुसऱ्यात लिहायचं, चूक असेल तरच कळवा, उत्तर आलं नाही तर बरोबर आहे असं समजू. पुस्तकात यांना जड नावं आहेत. बाबांनी त्यांची बारशी केली होती, पहिल्याचं बोलकं पत्र आणि दुसऱ्याचं मुकं पत्र. बोलक्या पत्राची कटकट फार. उत्तर यावं लागतं, आलं नाही तर स्मरणपत्र धाडावं लागतं, तरीही आलं नाही तर पुरावा दुसऱ्या मार्गाने शोधावा लागतो. मुक्या पत्राला काहीच करावं लागत नाही. पेटीत टाका आणि झोपा. अर्थात बाबांचं लाडकं कुठलं, ते सांगायला नको.

आणि बाबा घरही मुक्या पत्रावरच चालवत. पडदे बदलतोय, कोणाची हरकत असेल तर सांगा. मागची खोली नणंदेच्या सामानाला देतोय, हरकत असेल तर सांगा. नवऱ्याने हा गुण नेमका उचलला होता. माझी स्कूटर त्याने अशीच विकली. चहा पिता पिता म्हणाला, विकून टाकू का, नुसती पडून असते, नको असेल तर सांग हं. मी कपातून डोकं वर काढलं नाही. संध्याकाळी स्कूटर गेली.

मी बोलायचे नाही ते मान्य होतं म्हणून नव्हे. ज्या माणसाला पडदे धुवायला टाकणं आणि बदलणं यातला फरक कळत नाही, त्याच्याशी पडद्यांवरून कोण तोंड वाजवणार? माझं गप्प बसणं म्हणजे त्यांच्या अकलेला दिलेला शेरा होता. तुम्ही माझ्या उत्तराच्याही लायकीचे नाही, हे मी वर्षानुवर्षं न बोलता सांगत होते आणि त्यात मला केवढा मोठेपणा वाटायचा. समोरच्याला तो कळत असेल, असं मी गृहीत धरलं होतं.

परीक्षा जवळ आली तशी मी ऑफिसमधून रजा घेतली. बाबांनीच सुचवलं की फोन त्यांच्याकडे दे, त्या फोनपायी तुझं लक्ष उडतं. हे मात्र खरं होतं. मी फोन बंद न करताच त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो टेबलाच्या वरच्या खणात टाकला. चार्जर लावून, पेपर संपेपर्यंत. काय बाई काळजी, असं माझ्या मनात आलं, आणि हे मी उपहासाने म्हणत नाहीये. मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

मी वर बेडरूममध्ये दार लावून बसायचे. चौकटी मारायला शिकत होते. आपल्याला जे येतं ते विसरून आपल्याला जे यायला हवं ते लिहायचं, हा अजब व्यायाम होता. हळूहळू हाताला वळण पडलं. दीरही त्याच सुमारास घरी मुक्कामाला आला होता. सुट्टी आहे म्हणाला. दिवसभर सोफ्यावर लोळून तो फोनमध्ये तोंड खुपसून असे. रंगीत तक्ते काढायला त्याच्या कंपनीने आता यंत्रच आणलं आहे, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याच्याविषयी काही विचारण्यासारखं असू शकतं, हेच मुळी माझ्या डोक्यात आलं नाही.

एके सकाळी पाटीवाला आला. बेल वाजली तेव्हा घरात मोकळी मीच होते, म्हणून खाली जाऊन ऑफिसचं शटर मीच उघडलं. जुनी पाटी काढून मोठी करायची आहे, तिसरं नाव घालायचं आहे, असं तो म्हणाला. माझ्या हातात टेपचं टोक देऊन तो स्टुलावर चढला. मी टोक भिंतीला घट्ट धरून उभी राहिले. त्याने माप मोठ्याने वाचलं, कागदावर लिहिलं. मागे वळून पाहिलं तर दारात बाबा उभे होते. माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही, नुसती हसले. पेपर व्हायच्या आधीच पाटीची तयारी, म्हणजे केवढा विश्वास माझ्यावर, असं म्हणत मी जिना चढले. त्या दिवशी माझा अभ्यास फार छान झाला.

परीक्षा एका बंदिस्त खेळाच्या मैदानात होती. जमिनीवर खेळाच्या रेघा आखलेल्या आणि त्यांवर ओळीने बाकं. माझं बाक बरोबर एका कोपऱ्यातल्या रेघेवर आलं होतं. पेपर उघडला आणि मला हसू फुटलं. प्रश्न मुक्या पत्राचा होता. अशी पत्रं कोणत्या परिस्थितीत वापरावीत आणि कोणत्या परिस्थितीत वापरू नयेत, सविस्तर लिहा.

मी लिहिलं. मौन हा सगळ्यात कमकुवत पुरावा. माणूस गप्प बसतो ते आकडा बरोबर आहे म्हणून, किंवा पत्र पोचलं नाही म्हणून, किंवा पोचलं पण त्याने ते केरात टाकलं म्हणून. पत्र मिळणारा त्याकडे लक्ष देणार नाही असं मानायला कारण असेल, तिथे हे पत्र वापरू नये. 'लक्ष देणार नाही' हे शब्द मी चौकटीत घातले, पट्टीने, सरांना आवडेल अशा. बाबांची सगळी मुकी पत्रं डोळ्यांसमोर आली. ज्या दुकानदारांना वाचायला वेळ नाही त्यांना पाठवलेली, ज्यांचे पत्ते बदलले त्यांना पाठवलेली. मी त्यांतलं एकही लिहिलं नाही. नुसतं बरोबर लिहिलं.

घरी आल्यावर फोन घेतला. घराचा म्हणून एक ग्रुप होता, त्यात बाबांचा संदेश पडून होता. धाकट्याला नव्या महिन्यापासून फर्ममध्ये भागीदार करून घेत आहोत. पाटी नवीन करायला टाकत आहे. कोणाची हरकत असल्यास आठवड्याभरात कळवावे, अन्यथा सर्वांना मान्य आहे असे समजण्यात येईल. खाली सासूबाईंचे जोडलेले हात, नणंदेचे फुगे, नवऱ्याचा अंगठा. आठवडा केव्हाच उलटून गेला होता.

बाबांनी हा संदेश त्यांच्या टेबलावर बसून पाठवला असणार. त्याच टेबलाच्या खणात माझा फोन होता. संदेश पोचला तेव्हा तो त्यांच्या कोपराखाली वाजला असेल.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर मी विषय काढला. आरडाओरडा केला नाही. हे काय आहे, एवढंच विचारलं. बाबा अगदी शांत होते.

"तुझं उत्तर आलं नाही. म्हणून मान्य धरलं."

"फोन तुमच्या खणात होता, बाबा."

"होता ना. पण तू तर घरातच होतीस. पाटीवाला आला तेव्हा टेप कोणी धरली? मला वाटलं, तुला कळलंय आणि तुझी काही हरकत नाही."

यातलं वाईट असं की ते खोटं बोलत नव्हते. लबाड माणसाशी भांडता येतं. हा माणूस खरोखर तसं समजून चालला होता, पडद्यांपासून पाटीपर्यंत. माझ्या इतक्या वर्षांच्या तुच्छतेची त्या घरात कुठेही नोंद नव्हती. त्यांच्या हिशेबी मी सगळ्याला हो म्हणत आलेली, शहाणी, समंजस सून होते. आणि दारात गप्प उभ्या असलेल्या त्यांना बघून मी काय केलं होतं? मीही त्यांच्या मौनाचा हो करून जिना चढले होते. मला त्या दोघांची, म्हणजे त्यांची आणि माझी, सारखीच चीड आली.

दीर मधेच म्हणाला की वहिनी, तुझंही होईल ना पुढेमागे. बाबा म्हणाले, हो, होईल की, फक्त सध्या पाटीवर चौथं नाव मावत नाही. पाटी केवढी आहे हे त्यांनी मला सांगावं! टेपचं टोक माझ्या हातात होतं. चार काय, नणंदेच्या सामानासकट सगळ्यांची नावं मावली असती.

"बाबा, एक शंका आहे," मी म्हटलं. "पेपरात आला होता प्रश्न. मुकं पत्र कधी पाठवायचं नसतं?"

धंद्यातला प्रश्न विचारला की बाबांना राहवत नाही. घास हातात धरून, शिकाऊ मुलांना सांगतात त्या सुरात ते म्हणाले, "समोरचा ते वाचणार नाही हे आपल्याला ठाऊक असेल, तेव्हा."

मग त्यांनी घास खाली ठेवला. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या विनाकारण इकडचा तिकडे केला. फक्त दीर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला या प्रश्नात इतकं काय आहे, ते समजलंच नव्हतं, आणि हा आता फर्मचा भागीदार होता.

मी नवऱ्याकडे वळले. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा बोलकं पत्र दिलं.

"मी पास झाले तर पाटीवर माझं नाव यावं, असं तुला वाटतं का? हो असो की नाही, उत्तर दे."

त्याने ताटाकडे पाहिलं. मग वडिलांकडे. मी थांबले. स्मरणपत्र पाठवायची पद्धत असते म्हणून मी तेच शब्द पुन्हा एकदा, तितक्याच शांतपणे म्हटले. त्याची मान हलली. होकारार्थी नाही, नकारार्थी नाही, नुसती हलली. पंखा चालू होता.

बोलक्या पत्राला उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे मला पाठ होतं. पुरावा दुसऱ्या मार्गाने शोधायचा.

निकाल लागला तेव्हा मी पास होते. ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त गुण होते. पेढे वाटायच्या भरात चौकट सर मला विद्यार्थ्यांपुढे उभं करून भाषण ठोकणार होते, ते मी होऊ दिलं नाही. त्यांचा माळा दुपारनंतर रिकामा असतो, तो मला भाड्याने द्याल का, असं विचारलं. इतक्या टायरांच्या वासात कोण क्लायंट येणार, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ज्याला काम करून घ्यायचंय तो येईल. त्यांनी लगेच हो म्हटलं, मोठ्याने, शब्दात. त्या माणसाला अक्कल बेताची, पण विचारलं की उत्तर देतो. आमच्या घरात ही गोष्ट कोणाकडे नव्हती.

पाटीवाला तोच. माप घ्यायला आला तेव्हा टेपचं टोक मीच धरलं.

"नावं किती?" त्याने विचारलं.

"एक."

संध्याकाळी मी घराच्या ग्रुपवर संदेश टाकला. फर्ममधलं काम सोडत आहे. नव्या महिन्यापासून टायरच्या दुकानावर माझं स्वतःचं ऑफिस सुरू होईल. सहीही माझीच असेल. कोणाची हरकत असल्यास कळवू नये.

बाबांनी वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही. सासूबाईंनी हात जोडले. नणंदेचे फुगे आले. सगळ्यात शेवटी नवऱ्याचा अंगठा आला.

तो त्याने वाचून दिला की न वाचता, हे तपासायला हवं. पण ते काम मी स्वीकारलेलं नाही.